सही झाली, मग कायदा कुठं अडला?

संपादकीय, सप्टेंबर २००७



पोळा झाला. कपाशी पात्या-फुलांवर आली. आपला वनहक्काचा कायदा मात्र अजून दिल्लीच्या दावणीलाच बांधलेला आहे. २९ डिसेंबर २००६ ला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली, म्हणजे या महिन्याच्या २९ तारखेला नऊ महिने भरतात. एवढ्या दिवसांत बाई बाळंत होऊन लेकरू घेऊन घरी येते.

गावोगाव एकच प्रश्न विचारून राहिले लोक. राष्ट्रपतीनं सही केली तं मंग नाकेदार जबरानजोतवाल्यावर अजून केस काहून करते? सही खोटी होती काय? हिंगणीच्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी तर सरळच विचारलं, "देशात राष्ट्रपतीपेक्षा मोठा रेंजर हाय काय?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्यात २५ जुलैला प्रतिभाताई पाटलांनी राष्ट्रपतीपदाची शपथ घेतली. देशाच्या पहिल्या बाई राष्ट्रपती, त्याही आपल्या महाराष्ट्राच्या. माहेर जळगाव जिल्ह्यातलं, आणि १९९१ ला त्या अमरावतीतून खासदार झाल्या होत्या. अमरावती म्हणजे आपल्या बाजूचाच जिल्हा. तेव्हापासून पोरांचं म्हणणं असं, की बाई आपल्याच इकडच्या आहेत, पाचशे अंगठे घेऊन अर्ज पाठवू, त्या एका दिवसात कायदा सुरू करतील. एक इसम तर "राष्ट्रपतीकडे जमिनीचा अर्ज" म्हणून छापील फॉर्म पन्नास रुपयाला विकत फिरतो असं कानावर आलं. म्हणून या वेळचं संपादकीय याच विषयावर आहे. कायदा करताना राष्ट्रपतींच्या हातात काय असतं, काय नसतं, आणि आपला कायदा नेमका कोणाच्या टेबलावर बसून आहे, ते समजून घेऊ. कारण अर्ज चुकीच्या दारात टाकला तर पुढचं वर्षही असंच जाईल.

मी बारावीला राज्यशास्त्र घेतलं होतं. पुस्तकात राष्ट्रपतींचं वय पस्तीस पाहिजे, मुदत पाच वर्षं, असं पाठ करायला होतं. सही झाल्यावर कायदा लागू कधी होतो, यावर परीक्षेत प्रश्न येत नव्हता. गरिबाचं सगळं काम नेमकं त्या न शिकवलेल्या ओळीत अडकतं.

तर आधी घटनेत काय आहे ते. कलम ७९ सांगते की संसद म्हणजे तिघं मिळून: लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपती. आपण संसद म्हटलं की फक्त खासदारांची सभागृहं समजतो, पण राष्ट्रपती त्याचा तिसरा भाग आहेत. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक त्यांच्याकडे जातं. मग कलम १११ प्रमाणे ते संमती देतात, किंवा संमती रोखतात, किंवा पुन्हा विचार करा म्हणून परत पाठवतात. पैशाच्या विधेयकाचं सोडलं तर बाकी विधेयक असं एकदा परत पाठवता येतं. पण दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा मंजूर केलं, बदल करून असो की न करता असो, तर मात्र राष्ट्रपतींना सही करावीच लागते. आणि एरवीही ते स्वतःच्या मर्जीने चालत नाहीत. कलम ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांना मानावा लागतो. फार तर एकदा म्हणता येतं की यावर पुन्हा विचार करा. मंत्रिमंडळाने तेच पुन्हा सांगितलं तर ते मान्य करणं भाग आहे.

आता आपल्या कायद्याची वाट पाहू. १३ डिसेंबर २००५ ला आदिवासी खात्याचे मंत्री पी. आर. किंडिया यांनी विधेयक लोकसभेत मांडलं. तेव्हा त्यात काय होतं आठवा. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीची वहिवाट असेल तरच हक्क, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच हेक्टर, आणि आदिवासी सोडून दुसऱ्या कोणाचं नावच नाही. देशभरच्या संघटनांनी ओरड केली. विधेयक किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीने मे २००६ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर पुन्हा ओढाताण झाली. शेवटी १५ डिसेंबर २००६ ला लोकसभेने आणि १८ डिसेंबरला राज्यसभेने मंजूर केलं तेव्हा तारीख १३ डिसेंबर २००५ झाली होती, मर्यादा चार हेक्टर म्हणजे दहाएक एकर झाली होती, आणि तीन पिढ्यांपासून जंगलावर जगणारे बिगरआदिवासीही आत आले होते. आपल्या भागात गवळाऊ जनावरं घेऊन रानात चराई करणारे नंद गवळी आहेत, त्यांच्यासाठी ही ओळ फार मोलाची आहे.

हे सगळं बदललं ते रस्त्यावर, समितीत आणि सभागृहात. राष्ट्रपतींच्या टेबलावर एक अक्षरही बदललं नाही. राष्ट्रपतींना विधेयकात स्वतःच्या हाताने काना-मात्रा घालता येत नाही, सुचवून परत पाठवता येतं एवढंच. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ११ दिवसांत सही केली. म्हणजे राष्ट्रपती भवनात आपलं काम अडलं नाही. २००७ चा २ नंबरचा कायदा म्हणून तो राजपत्रात छापूनही आला.

मग अडलं कुठं? कायद्याच्या पहिल्याच कलमात, पोटकलम ३ मध्ये. तिथं एक ओळ आहे. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवील, त्या तारखेपासून हा कायदा अंमलात येईल. बस, एवढीच ओळ. राष्ट्रपतींच्या सहीने विधेयकाचा कायदा झाला. पण तो चालू करायची किल्ली सरकारने स्वतःच्या खिशात ठेवली. इंजिन आणून शेतात ठेवलं, तेल भरलं, आणि हँडल मालक घरी घेऊन गेला, तशातली ही गोष्ट.

सरकार म्हणते, नियम तयार व्हायचे आहेत. बरं. नियमांचा मसुदा १९ जून २००७ ला निघाला. म्हणजे सहीनंतर जवळपास सहा महिन्यांनी. हरकती पाठवायला ४५ दिवस दिले होते, ते ऑगस्टच्या सुरुवातीलाच संपले. आपणही हरकती पाठवल्या. सप्टेंबर अर्धा गेला, पुढं काही नाही.

नियमांना वेळ लागतो हे आम्हाला कळते. पण वेळ कोणासाठी लागतो आणि कोणासाठी लागत नाही, हेही आता लोकांना कळू लागलं आहे. मागच्याच वर्षी वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, वाघांसाठी वेगळं प्राधिकरण करण्याची. तिच्यावर याच कलाम साहेबांनी ३ सप्टेंबर २००६ ला सही केली आणि ४ सप्टेंबरला ती लागू झाली. एका रात्रीत. वाघाशी आपलं वैर नाही, वाघदेवाला आपण शेंदूर लावतो. पण बोर अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हा हिशेब डोळ्यांत खुपणारच. वाघाचा कायदा दुसऱ्या दिवशी उठून चालू लागला. माणसाचा कायदा नऊ महिने झाले तरी झोपूनच आहे.

आपल्याला सवय नाही म्हणून, नाही तर अशी किल्ली सरकारच्या हातात न देताही कायदा करता येतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा पाहा. १५ जून २००५ ला राष्ट्रपतींची संमती झाली. त्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं की १२० व्या दिवशी तो पूर्ण लागू होईल. १२ ऑक्टोबर २००५ ला झाला. कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. आपल्या विधेयकाच्या वेळी तारीख, हेक्टर, ग्रामसभा यांवर भांडता भांडता या ओळीकडे कोणाचं फार लक्ष गेलं नाही. पुढच्या वेळी कोणतंही विधेयक आलं की सगळ्यात आधी पहिलं कलम वाचायचं.

आणखी एक जुनी गोष्ट. वेठबिगारीची. १९७५ मध्ये संसद बसलेली नसताना राष्ट्रपतींनी वटहुकूम काढला, २४ ऑक्टोबरला, आणि २५ ऑक्टोबरपासून देशातला वेठबिगार कायद्याने मोकळा झाला. कायदा नंतर १९७६ मध्ये आला. वटहुकूम म्हणजे सभागृहं चालू नसताना तातडीने काढलेला तात्पुरता कायदा. तोही राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सांगण्यावरूनच काढतात, आणि संसद भरली की सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळावी लागते, नाही तर तो मरतो. तेव्हा आणीबाणी होती, बाकी बरंच वाईट चालू होतं, ते झाकायचं कारण नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की सरकारच्या मनात आलं तर एक दिवस पुरतो.

मनात नसलं तर काय होतं, तेही ऐकून ठेवा. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती आहे. आणीबाणीत लोकांना विनाचौकशी कोंडून ठेवलं होतं, तसं पुन्हा होऊ नये म्हणून त्यात प्रतिबंधक अटकेबद्दल काही कडक अटी घातल्या. राष्ट्रपतींची संमती १९७९ मध्ये झाली. पण तिथंही तीच ओळ होती, सरकार तारीख ठरवील. दुरुस्तीची बाकीची बरीच कलमं लागू झाली, अटकेचं ते एक कलम आजपर्यंत नाही. मामला सुप्रीम कोर्टात गेला, ए. के. रॉय यांच्या खटल्यात. कोर्टाने सांगितलं की तारीख ठरवण्याची सक्ती आम्ही सरकारवर करू शकत नाही. २८ वर्षं होऊन गेली. सही असलेलं कलम कागदावर तसंच पडून आहे. "सही झाली, आता घाई कायची" असं जे म्हणतात, त्यांना हे सांगा.

आणि याच्या उलटही पाहा. ३ मे २००२ ला केंद्राच्या वन मंत्रालयातून एक पत्र निघालं, की जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढून टाका. ते ना लोकसभेने मंजूर केलं होतं, ना राज्यसभेने, ना राष्ट्रपतींनी पाहिलं होतं. एका अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र. पण देशभर त्या पत्राने लोकांचे संसार उठले, उभी पिकं गेली, आसामात तर हत्ती लावून घरं मोडली. साध्या पत्राला एवढे पाय होते. आपल्या कायद्यावर देशाच्या पहिल्या नागरिकाची सही आहे, त्यात मागच्या काळात आपल्यावर अन्याय झाला हे सरकारने स्वतःच लिहून दिलं आहे, आणि तो जागचा हलत नाही.

नुकसान काय होते, तेही नीट समजून घ्यावं. कलम ४ च्या पोटकलम ५ प्रमाणे हक्कांची तपासणी पुरी होईपर्यंत वहिवाटीतून कोणाला काढता येणार नाही. अभयारण्यातल्या गावांनाही हे लागू आहे. लोकांचे हक्क आधी नोंदवल्याशिवाय आणि ग्रामसभेची लेखी संमती घेतल्याशिवाय वन्यजीवांच्या नावाने गाव हलवता येणार नाही, हेही कायद्यात आहे. पण कायदा लागू नाही म्हणजे हे संरक्षणही लागू नाही. आज कोणी उठवायला आलं तर आपल्या हातात छापील राजपत्र आहे, त्याला वापरता येणारं कलम नाही. रेंज ऑफिसात साहेब लोक हसत सांगतात, "तुमचा कायदा आला की या." ते हसतात ते उगीच नाही, पहिलं कलम त्यांनी वाचलेलं असतं.

आपल्या वर्धा जिल्ह्याला तर याची गरज जास्तच आहे, आणि त्याचा संबंध पुन्हा राष्ट्रपतींशीच येतो. आदिवासींचं अनुसूचित क्षेत्र कोणतं, हे पाचव्या अनुसूचीप्रमाणे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. महाराष्ट्राचा आदेश २ डिसेंबर १९८५ चा आहे. त्यात मेळघाट आहे, गडचिरोली-चंद्रपूरचा भाग आहे, वर्धा नदीच्या पलीकडची राळेगाव तालुक्यातली काही गावं आहेत. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्ह्यातलं एकही गाव नाही. नदी ओलांडली की गोंड आदिवासी राहत नाही काय? त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा, ज्याने ग्रामसभेला ताकद दिली, तो आपल्या टोल्यांना लागत नाही. अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांना जमिनीबद्दल विशेष नियम करता येतात, राष्ट्रपतींच्या संमतीने, तेही आपल्याला नाहीत. वनहक्क कायदा मात्र अनुसूचित क्षेत्र असो-नसो सगळीकडे लागणार आहे. हिंगणी, बोर, सगळ्या सेलू तालुक्याच्या जंगलपट्टीला आधार धरायला हा एकच खांब आहे. म्हणून आपण त्याची जास्त घाई करतो.

आता प्रतिभाताईंकडे येऊ. त्यांच्या हातात काहीच नाही, असं कोणी म्हणू नये. कागदावर राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असले तरी वापरणाऱ्याने आपलं पद वापरलं आहे. मे २००६ मध्ये खासदारांच्या लाभाच्या पदांचं विधेयक आलं होतं. ज्या खासदारांनी दुसरी पदं घेतली होती त्यांची खासदारकी वाचवायला केलेलं. कलाम साहेबांनी ते परत पाठवलं, पुन्हा विचार करा म्हणून. संसदेने तसंच पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली. पण तीन महिने सगळ्या देशात त्यावर चर्चा झाली. त्याआधी ग्यानी झैलसिंग होते. १९८६ मध्ये लोकांची पत्रं सरकारला उघडून पाहता येतील असं टपालाचं विधेयक आलं. त्यांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही, ठेवून दिलं. सही किती दिवसांत करावी याची मुदत घटनेत नाही, त्या फटीचा त्यांनी उपयोग केला. ते विधेयक कायदा झालंच नाही. आणि प्रतिभाताई स्वतः राजस्थानच्या राज्यपाल असताना तिथल्या सरकारचं धर्मांतराबद्दलचं विधेयक सही न करता त्यांनी परत केलं होतं. म्हणजे कागद कसा थांबवायचा हे बाईंना ठाऊक आहे.

पण नीट पाहा, ही सगळी उदाहरणं थांबवण्याची आहेत. राष्ट्रपती विधेयक थांबवू शकतात, लांबवू शकतात. सही होऊन गेलेला कायदा चालू करणं हे त्यांच्या लेखणीत नाही. आणि थांबवण्याची ही ताकद नेहमी गरिबाच्याच बाजूने पडते असंही नाही. आपली रोजगार हमी आठवा. विधिमंडळाने १९७७ चा म्हणून कायदा मंजूर केला. राज्याचं काही विधेयक राज्यपाल राष्ट्रपतींकडे राखून ठेवतात, तसं ते दिल्लीला गेलं. संमती मिळायला १९७८ साल उजाडलं, आणि कायदा लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाचा कायदाही रांगेत उभा राहिला होता.

तर आमचं मत असं आहे. राष्ट्रपतींना पत्र जरूर पाठवू, पण "कायदा सुरू करा" असं लिहिलेलं नको. त्याचं काय होतं ते सांगतो. राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत, तिथल्या एखाद्या खोलीत आपला अर्ज फोडला जातो, त्यावर "योग्य कार्यवाहीसाठी" असा शेरा पडतो आणि तो मंत्रालयाकडे जातो. मंत्रालयातून राज्याकडे, राज्यातून कलेक्टर ऑफिसला, तिथून तहसीलला. वर्षभराने पटवारी आपल्यालाच येऊन विचारतो, "हा अर्ज तुमचा होय काय?"

आपण मागायचं ते घटनेच्या कलम ७८ प्रमाणे मागू. त्या कलमात राष्ट्रपतींना एक अधिकार आहे, फार बोलला जात नाही. देशाच्या कारभाराबद्दल आणि कायद्याच्या प्रस्तावांबद्दल राष्ट्रपती जी माहिती मागतील ती देणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य आहे. विचारायला मंत्रिमंडळाची परवानगी लागत नाही. आपण बाईंना एवढंच सांगू: तुमच्या आधीच्या राष्ट्रपतींनी सही केलेल्या कायद्याची तारीख सरकारने का ठरवली नाही, हे पंतप्रधानांना विचारा. राष्ट्रपती भवनातून प्रश्न गेला की खालच्या फाईलला हात लागतो. के. आर. नारायणन यांनी २५ जानेवारी २००१ च्या भाषणात खाणी आणि आदिवासी यांबद्दल सरकारला खडे बोल सुनावले होते. त्यांनी कोणता कायदा केला नाही की मोडला नाही. पण राष्ट्रपती बोलले म्हणून दिल्लीला ते ऐकावं लागलं, आणि देशभरच्या चळवळीतले लोक आजही ते भाषण काढून दाखवतात.

हे पत्र एक. मुख्य अर्ज मात्र ज्याच्या खिशात किल्ली आहे त्याच्याकडे: केंद्राचं आदिवासी मंत्रालय आणि पंतप्रधान. तिसरा कागद आपल्या खासदारांना. हिवाळी अधिवेशनात त्यांनी सभागृहात तारखेचा प्रश्न विचारावा. मतं मागायला ते टोल्यावर आले होते, तेव्हा हिंगणीचा रस्ता त्यांना माहीत आहे.

बैठकीत काही जण म्हणाले, अर्ज-बिर्ज कायले, सरळ दिल्लीला जाऊ. जाऊ, त्याला ना नाही. पण दिल्लीला गेल्यावर कोणत्या दरवाजावर उभं राहायचं हे आधी ठरलेलं असावं. राष्ट्रपती भवनाचं फाटक फोटोसाठी चांगलं आहे. आदिवासी मंत्रालय शास्त्री भवनात बसते.

दोन गोष्टी मात्र कडकपणे सांगायच्या आहेत. राष्ट्रपतींची सही झाली या बोलण्यावर काही ठिकाणी नवीन झाडं तोडून पाटी पाडायला सुरुवात झाली आहे. हे ताबडतोब बंद करा. कायद्यात तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. त्यानंतर तोडलेल्या जागेला कोणाचीही सही वाचवणार नाही, उलट तुमच्यामुळे जुन्या खऱ्या वहिवाटदाराचा दावा बदनाम होईल. जिथं असं दिसेल तिथं संघटनेचे कार्यकर्तेच आधी अडवतील, मग नाकेदार.

आणि तो पन्नास रुपयाचा फॉर्म कोणी घेऊ नका. राष्ट्रपतींकडे जमिनीचा दावा होत नसतो. दावा ग्रामसभेपुढे होणार आहे, आणि त्याला पैसा लागणार नाही. कोणी विकायला आला तर त्याला बसवून चहा पाजा आणि कार्यकर्त्याला बोलावणं धाडा.

तारखेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. कागद जमवायला अधिसूचना लागत नाही. वन खात्याने दंड केला त्याच्या जुन्या पावत्या पेटीच्या तळाशी असतील, त्या शोधा. नाकेदाराने तेव्हा आपल्याला गुन्हेगार ठरवायला पावती फाडली. आज तीच पावती सांगते की त्या साली तुम्ही त्या जागेवर होता. गावाचं निस्तार पत्रक तहसीलमधून काढा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून. म्हाताऱ्या माणसांकडून बांध, विहिरी, देवाची जागा, मसणवटी, मोहाची झाडं कोणाच्या वहिवाटीची होती, हे सगळं लिहून घ्या. मागच्या वर्षभरात आपली किती म्हातारी माणसं गेली मोजा, म्हणजे घाई का ते समजेल. त्यांच्यासोबत पुरावाही गेला.

तिन्ही पत्रांचा मजकूर या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. राष्ट्रपतींचं पत्र चारच ओळींचं आहे, मुद्दामच. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचा, बायांना समजलं का विचारा, मगच अंगठे घ्या. बायांचे अंगठे वेगळ्या कागदावर घ्यायचे आहेत, कारण कायद्यात नवरा-बायको दोघांच्या नावाने हक्क आहे आणि दिल्लीला ते दिसलं पाहिजे. ज्याला सही येते त्याने सहीच करायची, अंगठा नाही. कागद दसऱ्याच्या आधी हिंगणीला पोचते करा. अंगठ्याची शाई नसेल तर कार्यकर्त्यांजवळ आहे, आणि सायक्लोस्टाईलची थोडी उरली आहे, तीही चालते. बोटं दोन दिवस काळी राहतात तेवढंच.